ऊर्जा-पुनर्प्राप्ती वायुवीजन

ऊर्जा-पुनर्प्राप्ती वायुवीजन : वातानुकूलित इमारतीतून बाहेर टाकावयाची हवा आणि आत घ्यावयाची ताजी हवा यांचे प्रवाह एकमेकांत मिसळू न देता त्यांच्यात उष्णता व आर्द्रता यांचा विनिमय घडवून आणणे आणि वायुवीजनात एरवी वाया जाणारी ऊर्जा परत मिळविणे, या पद्धतीला ऊर्जा-पुनर्प्राप्ती वायुवीजन असे म्हणतात. उन्हाळ्यात बाहेर जाणारी थंड व कोरडी हवा आत येणाऱ्या हवेला थंड व कोरडी करते, तर थंड प्रदेशांत हिवाळ्यात याच्या उलट क्रिया होते. विनिमयक, दोन पंखे, गाळण्या व नियंत्रक ही सर्व साधने पत्र्याच्या एका पेटीत बसविलेली असतात. मोठ्या इमारतींत हा संच बहुधा गच्चीवर ठेवतात, कारण तेथे जागा मोकळी असते, रस्त्यापेक्षा हवा स्वच्छ मिळते आणि पंख्यांच्या आवाजाचा उपद्रव कमी होतो. गच्चीवरील संच नेहमीच्या वावरात दिसत नाही. शिवाय विनिमयक बंद पडला, तरी प्रशीतन यंत्रणा अधिक वीज घेऊन खोल्या थंडच ठेवते. त्यामुळे या संचातील बिघाड इतर यंत्रांप्रमाणे आपोआप लक्षात येत नाही. म्हणून उभारणीतील काटेकोरपणा व नियमित मोजमाप यांना येथे विशेष महत्त्व आहे.

आवश्यकता : माणसांचा श्वासोच्छ्वास, घाम, रंग, लाकूडकाम व स्वच्छतेची द्रव्ये यांमुळे बंदिस्त खोलीतील हवा दूषित होते. वातानुकूलन यंत्र हवा थंड करते, पण तीच हवा पुनःपुन्हा फिरविल्याने ती शुद्ध होत नाही. यासाठी बाहेरील हवा ठराविक प्रमाणात आत घ्यावी लागते. ती थंड व कोरडी करण्यास मात्र मोठा खर्च येतो. १९७३ मधील तेलसंकटानंतर हा खर्च टाळण्याकडे कल झाला. अमेरिकन सोसायटी ऑफ हीटिंग, रेफ्रिजरेटिंग अँड एअर-कंडिशनिंग एंजिनिअर्स (ॲश्रे) या संस्थेच्या १९८१ च्या मानकात धूम्रपान न होणाऱ्या कार्यालयांसाठी दर माणशी दर सेकंदास केवळ सु. २·५ लि. ताजी हवा पुरेशी मानली होती. त्या काळातील घट्ट बंद इमारतींमध्ये डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, घशाची कोरड व थकवा अशा तक्रारी वाढल्या. त्याच संस्थेच्या १९८९ च्या मानकात कार्यालयांसाठी हे प्रमाण माणशी १० लि. करण्यात आले. ताजी हवा तोडून ऊर्जा वाचविणे आरोग्यास परवडणारे नाही, हे यावरून स्पष्ट झाले. हवा भरपूर घेऊनही ऊर्जेचा खर्च आवाक्यात ठेवण्याचा मार्ग म्हणून ऊर्जा-पुनर्प्राप्तीला महत्त्व आले. २०२० मधील कोविड-१९ च्या साथीत हवेतून होणाऱ्या संसर्गाचा विचार पुढे आल्यावर ताज्या हवेची गरज पुन्हा अधोरेखित झाली.

इतिहास : बाहेर जाणाऱ्या वायूची उष्णता साठवून ती येणाऱ्या वायूस देण्याची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकांनी १८१६ मध्ये आपल्या उष्ण हवेच्या एंजिनाबरोबर अशा पुनर्जनित्राचे एकस्व (पेटंट) घेतले. स्वीडनमध्ये फ्रेड्रिक युंगस्ट्रम यांनी १९२० च्या सुमारास बाष्पित्रासाठी फिरत्या चाकाचा हवा-तापक तयार केला. धुराड्यातून जाणाऱ्या उष्ण वायूंनी तापलेला चाकाचा भाग फिरून ताज्या हवेच्या प्रवाहात येतो व तिला तापवितो, ही त्यातील योजना होती. आजचे वायुवीजनाचे चाक याच तत्त्वावर चालते. जपानमध्ये मित्सुबिशी इलेक्ट्रिक या कंपनीने १९७० मध्ये विशेष कागदाच्या थरांचा विनिमयक बाजारात आणला. त्यातून उष्णतेबरोबर आर्द्रतेचाही विनिमय होतो. कॅनडातील रिजायना येथे १९७७ मध्ये बांधलेल्या सस्कॅचेवन कॉन्झर्व्हेशन हाउस या प्रायोगिक घरात उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन वापरले होते. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध केली. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत ताज्या हवेचे प्रमाण मोठे असलेल्या हॉटेले व रुग्णालये यांतील मोठ्या यंत्रणांसाठी किमान ५०% परिणामकतेची ऊर्जा-पुनर्प्राप्ती आवश्यक ठरविली.

तत्त्व : हवेतील उष्णतेचे दोन भाग मानतात. तापमापकावर दिसते ती संवेद्य उष्णता आणि हवेतील पाण्याच्या वाफेत सामावलेली असते ती सुप्त उष्णता होय. हवा केवळ थंड करावयाची तर संवेद्य उष्णता काढावी लागते. ती कोरडी करावयाची तर वाफेचे पाणी करून सुप्त उष्णताही काढावी लागते.

मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत बाहेरील तापमान ३२° से. व सापेक्ष आर्द्रता ७०% असणे ही नेहमीची बाब आहे. अशा १ किग्रॅ. कोरड्या हवेबरोबर सु. २१ ग्रॅ. वाफ असते. खोलीत २४° से. व ५०% आर्द्रता ठेवल्यास हे प्रमाण सु. ९ ग्रॅ. असते. शंभर माणसांच्या कार्यालयास माणशी १० लि. या हिशेबाने दर सेकंदास १ घ. मी. ताजी हवा लागते. ती बाहेरील स्थितीतून खोलीच्या स्थितीत आणण्यास सु. ४३ किवॉ., म्हणजे सु. १२ टन इतके प्रशीतन लागते. या भारापैकी जेमतेम एक-पंचमांश भाग संवेद्य व उरलेला सुप्त असतो. ७०% परिणामकतेचा, उष्णता व आर्द्रता या दोहोंचा विनिमय करणारा संच वापरल्यास सु. ३० किवॉ. भार परत मिळतो. याउलट केवळ संवेद्य उष्णतेचा विनिमयक तेवढ्याच परिणामकतेचा असूनही येथे ६ ते ७ किवॉ. इतकाच भार वाचवितो.

नागपुरात मे महिन्यातील दुपारी तापमान ४३° से. व आर्द्रता २०% असेल, तर बाहेरील हवेत किलोग्रॅमला सु. ११ ग्रॅ. वाफ असते, म्हणजे खोलीतील हवेपेक्षा फारशी अधिक नसते. तेथे भाराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग संवेद्य असल्याने साधा उष्णता विनिमयकही उपयुक्त ठरतो. संचाची निवड करताना तापमानाबरोबर स्थानिक आर्द्रताही का पाहावी लागते, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

प्रकार : (१) फिरते चाक : यात ॲल्युमिनियमच्या पातळ पन्हळी पट्टीची गुंडाळी करून मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे बारीक नळ्या असलेले चाक बनवितात व तिच्यावर सिलिका जेल किंवा रेणवीय चाळणी यांसारख्या आर्द्रताशोषक पदार्थाचा लेप देतात. चाकाच्या अर्ध्या भागातून ताजी हवा आणि उरलेल्या अर्ध्यातून बाहेर जाणारी हवा उलट दिशेने वाहते. लहान मोटर व पट्टा यांच्या साहाय्याने चाक मिनिटाला सु. २० फेरे या बेताने फिरते आणि एका प्रवाहातून घेतलेली उष्णता व वाफ दुसऱ्यास देते. परिणामकता ७० ते ८० टक्क्यांपर्यंत मिळते. मात्र चाकाच्या नळ्यांत अडकलेली व सीलमधून निसटणारी थोडी हवा एका बाजूकडून दुसरीकडे जाते. (२) स्थिर थरांचा विनिमयक : यात ॲल्युमिनियमचे पत्रे किंवा वाफ पार होऊ देणारे कागद अथवा पटल यांचे थर एकावर एक रचून त्यांच्यामधून दोन प्रवाह आलटूनपालटून नेतात. फिरणारा भाग नसल्याने बिघाड कमी व गळती अल्प असते, पण मोठ्या प्रवाहासाठी जागा अधिक लागते. (३) उष्णता-नळी : दोन्ही टोके बंद असलेल्या नळ्यांत प्रशीतक भरलेले असते. उष्ण टोकाशी त्याची वाफ होते व थंड टोकाशी ती पुन्हा द्रवरूप होते. (४) फिरत्या द्रवाची वेटोळी : दोन प्रवाहांत बसविलेल्या वेटोळ्यांमधून पंपाने पाणी फिरवितात. शेवटच्या दोन प्रकारांत केवळ संवेद्य उष्णतेचा विनिमय होतो. वेटोळ्यांच्या प्रकारात दोन हवा एकमेकींजवळ येतच नसल्याने दूषित हवेसाठी तो सर्वांत सुरक्षित आहे. [⟶ वातानुकूलन].

उभारणी : जागा ठरविताना दोन बाबी पाहतात, छताची भार पेलण्याची क्षमता आणि आत घ्यावयाच्या हवेची शुद्धता. लोकांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक ८७५ प्रमाणे सामान्यतः दर चौ. मी.स १·५ किलोन्यूटन, म्हणजे सु. १५० किग्रॅ. चल भार धरतात. एक टन वजनाचा संच ४ चौ. मी. जागेत ठेवला, तर तेथील भार दर चौ. मी.स २५० किग्रॅ. होतो. म्हणून संच स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळया किंवा स्तंभ यांच्यावर भार जाईल अशा रीतीने पोलादी चौकटीवर अथवा काँक्रीटच्या ओट्यांवर ठेवतात आणि संरचना अभियंत्याची संमती घेतात.

गच्चीवर शौचालयांच्या हवानळ्या, स्वयंपाकघराची धुराडी, जनित्राचा धूर सोडणारा नळ व शीतन मनोरे यांची गर्दी असते. ताज्या हवेचे तोंड यांपैकी कोणाच्याही वाऱ्याखाली येता कामा नये. ॲश्रे मानकात शौचालयाच्या हवानळीपासून ३ मी., तर शीतन मनोऱ्याच्या निर्गमापासून ७·५ मी. इतके किमान अंतर सांगितले आहे. मनोऱ्याच्या तुषारांतून लीजिओनेला जातीचे जंतू पसरू शकत असल्याने हे अंतर कटाक्षाने पाळतात. संचाने स्वतः बाहेर टाकलेली हवा पुन्हा त्याच्याच तोंडात शिरू नये, यासाठी दोन तोंडे विरुद्ध बाजूंस ठेवतात. ताज्या हवेच्या तोंडास पावसाचा छज्जा व पक्षी रोखणारी जाळी बसवितात. शहरांत कबुतरे अशा आडोशास घरटी करतात. त्यांची विष्ठा व पिसे हवेच्या मार्गात पडणे अपायकारक असल्याने जाळी धड असणे अत्यावश्यक ठरते.

महाराष्ट्रातील बहुतेक गच्च्यांवर पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा केलेला असतो. संचाचे ओटे या कोब्यावर खिळे ठोकून बसविल्यास पहिल्याच पावसाळ्यात खालचे छत गळू लागते. ओटे मूळ स्लॅबवर आधी बांधून, जलरोधक थर त्यांच्या बाजूंवर चढवून घेणे हा योग्य क्रम आहे. वाहिन्या छतातून खाली नेताना भोकाभोवती काँक्रीटचा उंच कठडा करून त्यावर पत्र्याची टोपी बसवितात. ओट्यांमुळे गच्चीवरील पाण्याचा उतार अडणार नाही, हेही पाहावे लागते.

संच क्रेनने उचलताना साखळ्या पेटीवर दाबल्या जाऊ नयेत म्हणून वर आडवी दांडी वापरतात. पेटी पिळवटली तर चाक व सील यांच्यातील अंतर बिघडते आणि तो दोष पुढे दुरुस्त करणे कठीण जाते. संच पाणसळीने समपातळीत आणून रबरी गाद्यांवर किंवा स्प्रिंगांवर बसवितात, त्यामुळे कंपने इमारतीत उतरत नाहीत. वादळी वाऱ्याचा विचार करून तो चौकटीस बोल्टांनी पक्का करतात. चाक काढून घेता येईल इतकी मोकळी जागा एका बाजूस सोडावी लागते. ती न सोडल्यास किरकोळ दुरुस्तीसाठीही वाहिन्या तोडण्याची वेळ येते. समुद्रकिनाऱ्यावर खारट हवेमुळे पत्रा लवकर गंजतो. तेथे गंजरोधक लेपाची पेटी व अगंज पोलादाचे स्क्रू वापरतात.

पंखा व वाहिनी यांच्यामध्ये कॅनव्हासचा लवचिक जोड देतात. वाहिन्यांचे सांधे लुकणाने बंद करतात व उघड्या वाहिन्यांवर निरोधक थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवितात. संचात शीतन वेटोळे असल्यास त्याखालील तबकातील पाणी वाहून नेणाऱ्या नळीस यू आकाराचा बाक देतात. आतील ओढ ५०० पास्काल असेल, तर ती सु. ५ सेंमी. उंचीच्या पाण्याइतकी असते. बाकातील पाणी याहून कमी असल्यास बाहेरची हवा नळीतून आत ओढली जाते व पाणी तबकातच साचून राहते. वीजपुरवठ्याचा विलगक स्विच संचाजवळच बसवितात आणि भूयोजन तपासून घेतात. त्रिकला वीजपुरवठ्यातील दोन तारांची अदलाबदल झाल्यास पंखा उलटा फिरतो. केंद्रोत्सारी पंखा उलटा फिरूनही थोडी हवा देतच राहतो. त्यामुळे केवळ वारा लागतो एवढ्यावर समाधान न मानता पंख्याची दिशा बाणाच्या खुणेशी ताडून पाहतात.

चाचणी : संच सुरू केल्यावर प्रथम दोन्ही प्रवाह मोजून जुळवितात. दमट हवामानात आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवतात. त्यामुळे दारे-खिडक्यांच्या फटींतून दमट हवा आत ओढली जात नाही. संचातील दाब असे राखतात, की चाकाच्या सीलमधून होणारी गळती ताज्या हवेकडून मळक्या हवेकडे व्हावी.

त्यानंतर परिणामकता काढतात. दोन्ही प्रवाह जवळजवळ समान असताना बाहेरील हवेचे तापमान वजा विनिमयकातून आत येणाऱ्या हवेचे तापमान या फरकास, बाहेरील तापमान वजा खोलीतून परतणाऱ्या हवेचे तापमान या फरकाने भागले असता संवेद्य परिणामकता मिळते. बाहेर ३२°, खोलीतून परतणारी हवा २४° आणि विनिमयकातून येणारी हवा २६·४° से. असल्यास ५·६ भागिले ८, म्हणजे ७०% हे उत्तर येते. तापमानांऐवजी वाफेचे प्रमाण घेऊन याच रीतीने आर्द्रतेची परिणामकता काढतात. ही मोजणी आत व बाहेर मोठा फरक असताना, शक्यतो दुपारी करतात. फरक दोन-तीन अंशांचाच असल्यास मापकातील लहानशी चूकही उत्तर निरर्थक करते. पहिल्या दिवशीचे आकडे, गाळण्यांवरील दाबातील फरक व मोटरींचा विद्युत् प्रवाह यांची नोंद करून ठेवणे आवश्यक असते. पुढील सर्व तपासण्या या नोंदींशी ताडून केल्या जातात.

निगा : संचात सर्वांत अधिक लक्ष गाळण्यांकडे द्यावे लागते. पहिली जाड गाळणी धूळ व तंतू अडविते आणि दुसरी बारीक गाळणी सूक्ष्म कण रोखते. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक दाखविणारा मापक बसविलेला असल्यास ती केव्हा बदलावी हे निश्चित कळते. मापक नसेल तेथे दर महिन्यास पाहणी करतात. जवळ बांधकाम चालू असल्यास ती पंधरवड्याने करणे इष्ट ठरते. धुता येणाऱ्या गाळण्या पूर्ण वाळल्यावरच परत बसवितात. गाळणी काढून टाकून संच चालविल्यास धूळ थेट चाकाच्या बारीक नळ्यांत बसते आणि थोड्या बचतीपायी महागडा भाग निकामी होतो.

दर तीन महिन्यांनी चाकाचा पट्टा, त्याचा ताण, सीलची झीज, पंख्यांचे पट्टे व बेअरिंगे तपासतात. पट्टा तुटला वा घसरला, तर चाक थांबते, पण दोन्ही प्रवाह चालूच राहतात. अशा वेळी विनिमयकातून येणारी हवा जवळजवळ बाहेरील हवेइतकीच उष्ण लागते. हाच बिघाड ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय. चाकावरील धूळ निर्वात झाडणीने अथवा कमी दाबाच्या हवेने, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने काढतात. आर्द्रताशोषक लेप असलेली चाके पाण्याने धुण्यापूर्वी उत्पादकाची सूचना पाहावी लागते. कागदी थरांचे विनिमयक मुळीच धूत नाहीत.

मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी छज्जा, जाळी, दारांवरील रबरी पट्ट्या, पाण्याची नळी व तिचा बाक साफ करतात आणि गच्चीची पन्हळे मोकळी असल्याची खात्री करून घेतात. पावसाळ्यानंतर गंज, निरोधक थराची हानी व तबकातील बुरशी पाहतात. वर्षातून एकदा सर्व मोजमापे नव्याने घेऊन ती मूळ नोंदींशी ताडतात. परिणामकता घटली व दाबातील फरक वाढला असेल, तर विनिमयक तुंबला आहे असे समजावे. दाब पूर्ववत असून परिणामकता घटली असेल, तर चाकाचा वेग, सील किंवा शोषक लेप यांत दोष असण्याचा संभव असतो. काम करण्यापूर्वी विलगक स्विच बंद करून त्यास कुलूप लावणे बंधनकारक समजावे. चाक मंद गतीने फिरत असले, तरी पट्ट्यात बोटे सापडून गंभीर इजा होऊ शकते.

इमारतीतील माणसांना ताजी हवा मिळते की नाही, हे पाहण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइडाचे मापन उपयोगी पडते. बाहेरील हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ४२० भाग असते. खोलीत ते सतत १,००० भागांपेक्षा अधिक राहिल्यास वायुवीजन अपुरे असल्याचे सामान्यतः मानतात. गाळण्या तुंबल्या तरी खोलीतील गारवा कमी होत नाही, पण हा आकडा चढू लागतो.

लाभ व मर्यादा : चाकातून हवा ढकलण्यास पंख्यांना अधिक काम करावे लागते. वरील शंभर माणसांच्या उदाहरणात प्रत्येक बाजूस २०० पास्काल दाबघट धरल्यास पंख्यांची वीज सु. ०·७ किवॉ.ने वाढते. परत मिळालेला ३० किवॉ. भार काढण्यासाठी मात्र प्रशीतन यंत्रणेस ८ ते १० किवॉ. वीज लागली असती. दमट व उष्ण हवेत हा व्यवहार फायद्याचा असतो. याउलट पुण्यातील हिवाळ्याच्या सकाळी बाहेरील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड असते. अशा वेळी चाक चालू ठेवल्यास आत येणारी थंड हवा उगाच गरम होते. म्हणून चाक थांबविण्याची किंवा हवा वळसा घालून नेण्याची सोय नियंत्रकात असावी लागते. अतिशीत प्रदेशांत बाहेर जाणाऱ्या हवेतील वाफ विनिमयकात गोठून मार्ग बंद होतो, त्यामुळे हिम वितळविण्याची व्यवस्था करावी लागते.

प्रयोगशाळांतील विषारी वायू, स्वयंपाकघरातील तेलकट धूर आणि रुग्णालयांतील विलगीकरण कक्षांची हवा फिरत्या चाकातून नेत नाहीत. थोडीशी गळतीही तेथे अपायकारक ठरते. अशा ठिकाणी फिरत्या द्रवाची वेटोळी वापरतात. संच बसविल्यावर मूळ प्रशीतन यंत्रणा लहान आकाराची घेता येते व त्यामुळे भांडवली खर्चाचा काही भाग भरून निघतो. मात्र असा हिशेब केलेल्या इमारतीत विनिमयक निकामी झाल्यास पावसाळ्यातील ऐन दमट दिवसांत यंत्रणा अपुरी पडते आणि ताजी हवा कमी करण्याचा मोह होतो. आरोग्यासाठी उभारलेल्या साधनाचा हेतूच तेथे विफल होतो. म्हणून संचाच्या किमतीबरोबर त्याच्या वार्षिक निगेची तरतूदही इमारतीच्या मूळ अंदाजपत्रकातच केली जावी, असे या क्षेत्रातील अभियंते मानतात.